पाथ लॉस मॉडेल ट्यूनिंग: के२ फसतो तो कुठे?

[स्क्रीनवर: ड्राइव्ह टेस्टचा आलेख. आडवं अंतर, लॉग स्केलवर, उभी सिग्नलची पातळी]

नमस्कार. टॉवरपासून दूर जाताना सिग्नल किती घटतो ते सांगणारं सूत्र म्हणजे पाथ लॉस मॉडेल. त्याचे गुणांक गाडीतून फिरून केलेल्या मोजमापांशी, म्हणजे ड्राइव्ह टेस्टशी, जुळवणं म्हणजे ट्यूनिंग. के१ हा त्यातला स्थिरांक, के२ हा अंतराबरोबरचा उतार. आता हे ठिपके नीट बघा. दोन किलोमीटरपर्यंत उतार सरळ आहे, पुढे ठिपके उणे १२० डीबीएमवर (डीबीएम म्हणजे सिग्नलच्या पातळीचं एकक) झोपलेत. तिथे सिग्नल टिकलेला नाही, तिथे रिसीव्हरच संपलाय. हा भाग तसाच ट्यूनिंगला दिला की के२ कमी निघतो आणि नकाशावर नसलेलं कव्हरेज उगवतं.

सूत्र थोडक्यात. जपानी अभियंते ओकुमुरा यांची मोजमापं टोकियो परिसरातली, १९६८ साली प्रसिद्ध झालेली. हाता यांनी त्यांना १९८० मध्ये सूत्रात बसवलं. प्लॅनिंग सॉफ्टवेअरमधलं स्टँडर्ड मॉडेल त्याच घरचं: के२ ४४.९, आणि अँटेनाच्या उंचीप्रमाणे तो उतार बदलणारा के५ उणे ६.५५. अँटेना ३० मीटरवर असेल तर दर दशकाला, म्हणजे अंतर दहापट झालं की, उतार ४४.९ वजा ६.५५ गुणिले लॉग ३०, म्हणजे ३५.२ डीबी. मोकळ्या अवकाशात हाच आकडा २० असतो. पुण्यातल्या पेठांच्या डेटावर तुमचा उतार २३ आला, तर आनंद मानू नका, आधी ठिपके तपासा.

आणखी एक खड्डा. हाता यांच्या सूत्रात अंतर किलोमीटरमध्ये, स्टँडर्ड मॉडेलमध्ये मीटरमध्ये. म्हणून ९०० मेगाहर्ट्झला १४६.८ चा स्थिरांक के१ मध्ये जेमतेम १२.१ उरतो, तीन गुणिले ४४.९ त्यातून वजा झालेले असतात. कुणाच्या फाइलमध्ये १४० च्या आसपासचा के१ दिसला, तर एककांची गल्लत झालीय.

आता मोजणी. १८०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी १६.७ सेंटिमीटर. फास्ट फेडिंग, म्हणजे थोड्याशा अंतरात होणारे सिग्नलचे झपाट्याचे चढउतार, सरासरीत विरायला ४० तरंगलांब्या लागतात, म्हणजे साधारण ६.७ मीटर, आणि तेवढ्यात निदान ५० नमुने. गाडी ताशी ३६ किलोमीटरने गेली तर सेकंदाला ७५ नमुने हवेत. चौकात लाल दिव्याला थांबलेली गाडी एकाच जागचे शेकडो नमुने ओतते, म्हणून नमुना घेण्याचा ट्रिगर वेळेवर न ठेवता अंतरावर ठेवा. ट्रान्समीटरची पॉवर अँटेनाकडच्या टोकाला पॉवर मीटरने मोजा. केबलचा दोन डीबीचा चुकलेला अंदाज थेट के१ मध्ये जाऊन बसतो, आणि नंतर तो कुणालाच सापडत नाही.

छाटणीत बोगदे आणि उड्डाणपूल काढा. कात्रजच्या बोगद्यात जीपीएसही जातं आणि सिग्नलही. पेठांच्या अरुंद गल्ल्यांत जीपीएस उडी मारतं आणि ठिपका शेजारच्या क्लटरमध्ये (दाट वस्ती, मोकळं मैदान असा नकाशावरचा जमिनीचा प्रकार) पडतो.

मग तो झोपलेला भाग? बरेच जण उणे ११० खालचं सगळं उडवतात. रोग तोच राहतो: लांब अंतरावर फक्त नशीबवान ठिपके वाचतात आणि उतार पुन्हा सपाट. पातळीवर कापू नका, अंतरावर कापा. शॅडोइंग, म्हणजे इमारतींच्या आडोशाने होणारी सिग्नलची घटबढ, स्टँडर्ड डेव्हिएशनने (सिग्मा) ८ डीबी धरलं तर दोन सिग्मा १६. उणे १२० मध्ये ते मिळवले की उणे १०४. सरासरी उणे १०४ खाली जाते त्या अंतरावर रेघ मारा आणि पलीकडचे सगळे ठिपके सोडा, चांगले दिसणारेसुद्धा.

सगळे गुणांक एकदम सोडू नका. सगळ्या साइट्सची उंची जवळपास सारखी असेल तर अँटेनाच्या उंचीचा गुणांक के३ याला डेटाच नाही, त्याला गोठवा. प्रत्येक क्लटरमध्ये ३ डीबी मिळवले आणि के१ मधून ३ काढले, तरी उत्तर तेच येतं. म्हणून एक क्लटर शून्यावर बांधून ठेवा. दाट वस्तीचा लॉस मोकळ्या मैदानापेक्षा कमी निघाला, तर नकाशा जुना असण्याची शक्यता जास्त.

शेवटी पडताळणी. आठ साइट्स मोजल्या तर दोन ट्यूनिंगबाहेर ठेवा. त्यांवर सरासरी चूक एक-दोन डीबीत आणि स्टँडर्ड डेव्हिएशन ८ च्या आत असेल तर मॉडेल पुढे द्या. एकाच साइटवर चूक ६ डीबीची दिसली, तर के१ ला हात लावण्याआधी डेटाबेसमधली अँटेनाची उंची प्रत्यक्ष छतावर जाऊन मोजा.