कार्ल्याच्या चैत्यगृहातला ट्रम्पेट

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘आजचा पोलिश जॅझ’. तिकडे येतोच. पण वॉर्साला पोहोचायच्या आधी तुम्हाला लोणावळ्याजवळ कार्ल्याला न्यायचंय. एकवीरा आईच्या दर्शनाला तुमच्यापैकी बरेचजण गेले असतील. देवळाच्या मागेच ते चैत्यगृह. १९८० साली एक तबकडी निघाली, ‘म्युझिक फ्रॉम ताजमहाल अँड कार्ला केव्ह्ज’. वाजवणारा तोमाश स्तान्को, पोलंडचा ट्रम्पेटवादक. ड्रम नाहीत, बास नाही, पियानो नाही. संगत आहे ती फक्त त्या दगडाची.

ही गोष्ट कळल्यावर मला घरात बसवेना. श्रावणातला, आडवारचा दिवस बघून सकाळीच पायऱ्या चढलो. आत खांबांच्या दोन रांगा, वर लाकडाच्या कमानी, समोर स्तूप. दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड आहे ते, अजून जागेवर. एका खांबाला टेकून उभा राहिलो आणि कानात स्तान्को लावला. तेवढ्यात तिथला रखवालदार आला. काय ऐकताय म्हणाला. मी एक इअरफोन त्याच्या हातात दिला. त्याने डोळे मिटून तीन-चार मिनिटं ऐकलं. मग म्हणाला, “साहेब, इथे पोरं येऊन हाका मारतात. पहिली हाक परत यायच्या आत दुसरी मारतात, मग नुसता गलका होतो. हा माणूस थांबतोय.”

मी पोलिश जॅझवर इतकी वर्षं वाचतोय, पण इतकं नेमकं कुठे वाचलेलं नव्हतं. जिथे बघावं तिथे एकच शब्द, ‘उदास’. पोलिश जॅझ उदास, कारण तिकडचा हिवाळा लांब, इतिहास दुःखाचा, वगैरे. मला याचा मनापासून राग येतो. स्तान्कोच्या दोन सुरांमधल्या जागेला दुःख म्हणणं म्हणजे आपल्याकडे विलंबितात गाणाऱ्याला झोप आलीय म्हणण्यासारखं आहे. तो थांबतो, कारण तो ऐकतो. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे.

हे ऐकणं आलं कुठून? १९५०च्या आसपास पोलंडमध्ये जॅझ म्हणजे अमेरिकेचं, म्हणजे शत्रूचं संगीत. रेडिओवर नाही, मंचावर नाही. मंडळी घराघरांत जमून, दारं लावून वाजवायची. त्या काळाला ते लोक ‘कॅटॅकॉम्ब’ म्हणतात, भुयारांचा काळ. पोझनानच्या दवाखान्यात क्शिश्तोफ त्शचिन्स्की नावाचा कान-नाक-घशाचा तरुण डॉक्टर होता. रात्री पियानो वाजवतो हे सहकाऱ्यांना कळू नये म्हणून त्याने ‘कोमेदा’ हे नाव घेतलं. ऑगस्ट १९५६मध्ये सोपोतच्या समुद्रकाठी जॅझ उघड्यावर आला, तेव्हा कोमेदा आपल्या पाच साथीदारांना घेऊन तिथे होता. पुढे त्याने रोमान पोलान्स्कीच्या चित्रपटांना संगीत दिलं आणि १९६९मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो गेला. पण त्याआधी, डिसेंबर १९६५मध्ये, त्याने ‘अस्टिग्मॅटिक’ ही तबकडी ध्वनिमुद्रित केली होती. तीनच रचना, त्यातली पहिली अख्खी एक बाजू व्यापते. ट्रम्पेटवर होता तेवीस वर्षांचा स्तान्को.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं. मग आता भरभर.

मी याला घराणं म्हणतो. कोमेदाकडून स्तान्को शिकला. नव्वदच्या दशकात स्तान्कोने कोशालिनच्या शाळेत जमलेल्या पोरांचं त्रिकूट हाताशी धरलं. वाशिलेव्स्की, कुर्क्येविच, मिश्क्येविच. त्या पोरांची पहिली तबकडी होती ‘कोमेदा’. स्तान्कोने १९९७मध्ये ‘लितानिया’त गुरूच्याच रचना पुन्हा वाजवल्या, २००२च्या ‘सोल ऑफ थिंग्ज’मध्ये हे तिघे त्याच्या संगतीला होते. २०१८मध्ये स्तान्को गेला. वाशिलेव्स्कीचं त्रिकूट आज स्वतःच्या नावाने वाजतं.

घराणं म्हटलं की बंडखोरही आले. ग्दान्स्क आणि बिद्गोश्च इथल्या पोरांनी जॅझचं स्पेलिंगच बदलून ‘यास’ केलं, त्यात पंक घातलं. त्यांच्यातल्या ‘मिवोश्च’ या बँडमध्ये, म्हणजे ‘प्रेम’ नावाच्या बँडमध्ये, पियानोवर लेशेक मोज्जेर होता, ज्याच्या कार्यक्रमांना आज सभागृहं भरतात. त्याच्याही आधी सॅक्सोफोनवादक नामिस्वोव्स्कीने १९७५मध्ये कुयाव्याक हा तीन मात्रांचा गावठी नाच फंकमध्ये नेला होता. यात उदास काय आहे, सांगा मला.

आणि आजचे? व्रोत्सवाफचा ईएबीएस हा संच हिप-हॉप ऐकत वाढलेल्या पोरांचा. २०१७मध्ये त्यांनी पहिला अल्बम केला तो कोमेदाच्या रचनांवर, आणि तो काढणाऱ्या कंपनीचं नाव ‘अस्टिग्मॅटिक रेकॉर्ड्स’. त्यांच्यातल्याच काहींचा दुसरा संच ‘ब्वोतो’, म्हणजे चिखल. ताल खरंच चिखलासारखा जड, पाय रुतवणारा. २०२३मध्ये ईएबीएसने लाहोरच्या ‘जौबी’ या संचाबरोबर अल्बम केला. क्लॅरिनेटवाला वात्सवाफ झिम्पेल बंगळुरूच्या गिरिधर उडुपांच्या घटमबरोबर ‘सागरा’ या संचात वाजवतो. तिथे तो मधे येत नाही. घटम, खंजिरी, तविल यांचं आवर्तन पुरं होऊ देतो, मग एक लांब सूर ठेवतो. तो सूर ऐकताना मला तो रखवालदार आठवतो.

सॅक्सोफोनवादक माचिय ओबारावर बोलायचं होतं, कातोवित्सेच्या संगीत अकादमीवरही; १९६८पासून तिथे जॅझ शिकवतात. वेळ नाही. उरलेली मिनिटं मी बोलण्यात घालवत नाही, कार्ल्याची बाजू लावतो. पंखे तेवढे बंद करा, कुणीतरी. मागच्या रांगांतल्यांनी पुढे या, सुरुवातीचा आवाज फार हळू आहे.