ग्रीन बिल्डिंग महाग पडते? आधी भागाकार तपासा!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त लाइक्स कुठल्या कमेंटला पडलेत, सांगू? "ताई, भाषण नको. ग्रीन बिल्डिंगला किती टक्के जास्त लागतात तेवढं सांगा."

बरं बाबा, सांगते. २००३ मध्ये कॅलिफोर्निया राज्यासाठी केलेल्या अहवालात ग्रेग कॅट्स यांच्या गटाने ३३ ग्रीन इमारतींचे हिशेब मांडले. सरासरी जादा खर्च २ टक्क्यांच्या किंचित आत निघाला. झालं समाधान? माझं नाही होत. ती झाली सरासरी. आणि २ टक्के जास्त म्हणजे नेमके कशापेक्षा जास्त, हे कुणी विचारतच नाही. आज मी त्या 'कशापेक्षा'वरच बोलणार आहे, आणि तीनदा बोलणार आहे. कंटाळा आला तर वेग वाढवून बघा.

बाकीचं पटकन उरकते. खर्च कशावर? काच, इन्सुलेशन म्हणजे उष्णता अडवणारं अस्तर, यंत्रं, सल्लागाराची फी, प्रमाणपत्राची फी. फायदा कशातून? वीज, पाणी, बरं भाडं, आत बसणाऱ्यांची तब्येत. हे तुम्हाला ठाऊकच आहे. पुढे.

एका ऑफिस इमारतीच्या मालकांनी मला त्यांची एक्सेल शीट पाठवली होती. उन्हाचा ताप अडवणाऱ्या काचेसमोर लाल अक्षरांत लिहिलेलं: 'परतफेड १० वर्षं. रद्द.' मी रकाने उघडून बघितले. खरे आकडे सांगत नाही, प्रमाण सांगते. समजा चांगली काच १६० ला आणि तिच्यामुळे वर्षाला १६ ची वीज वाचते. १६० भागिले १६, आले १०. गणित बरोबर, हिशेब साफ चूक! अहो, ही काच नाही घेतली तर खिडकीत काय पुठ्ठा लावणार होतात? साधी काच घेणारच होतात ना, १०० ची? मग जादा गेले ६०. साठ भागिले सोळा, पावणेचार वर्षं.

हे झालं पहिल्यांदा. आता तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने.

काच बदलली की आत येणारी उष्णता घटते. उष्णता घटली की एसी लहान चालतो, म्हणजे कमी टनांचा चिलर (अख्ख्या इमारतीच्या एसीसाठी पाणी गार करणारं यंत्र, त्याची ताकद टनांत मोजतात), हवा नेणारे बारीक डक्ट, छोटे पंप. समजा त्यात ४० वाचले. हे ४० काचेच्या ६० मधून वजा करायचे की नाही? करायचेच! उरले २०. वीस भागिले सोळा, सव्वा वर्ष. दहा वर्षांवरून सव्वा वर्षावर आलो आणि काच तीच आहे, बरं का. पण काचेचं बजेट एका माणसाकडे, एसीचं दुसऱ्याकडे. एकाचा खर्च वाढतो, दुसऱ्याचा घटतो आणि बेरीज कुणीच मारत नाही.

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये ही बेरीज मारली गेली. १९३१ ची इमारत. २०१० च्या सुमारास तिच्या ६,५१४ खिडक्या काढून, इमारतीतच एका मजल्यावर कारखाना थाटून, जुन्याच काचांमध्ये फिल्म आणि वायू भरून परत बसवल्या. सोबत खोल्या उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरमागे इन्सुलेशन आणि बरंच काही. गारव्याची गरजच कमी झाल्यावर नव्या मोठ्या चिलरचा खर्च टळला, जुन्यांचीच डागडुजी करून भागलं. एकूण ऊर्जा ३८ टक्क्यांनी कमी करायचा बेत होता. क्रम लक्षात आला ना? आधी भिंत आणि खिडकी, मग यंत्र.

आता माझी फजिती. एका कामात मी असाच लहान चिलर धरून झकास हिशेब दिला. इमारत उभी राहिली, मी गच्चीवर गेले, चिलरची नेमप्लेट पुसून वाचली, तर टनेज पहिल्या आराखड्यातलंच! का? काच बदलली, पण "असू द्या थोडं हाताशी" म्हणून यंत्राचा आकडा कुणी खाली आणलाच नाही. म्हणजे काचेचेही पैसे गेले आणि मोठ्या चिलरचेही. वर ते अवजड यंत्र बाराही महिने अर्धपोटी चालणार. मग लोक म्हणणार, ग्रीन महाग पडतं! तेव्हापासून मी चिलरची ऑर्डर डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते ४० वजा करत नाही.

तिसऱ्यांदा. इमारत जुनी आहे, चिलरही जुना आहे. त्याचं दहा वर्षांचं आयुष्य बाकी असताना उपटून नवा बसवलात, तर जवळजवळ सगळी किंमत तुमच्या बचतीच्या डोक्यावर. तो मरायला टेकलाय तेव्हा बदललात, तर साध्या आणि चांगल्या यंत्रातला फरक तेवढा मोजायचा. यंत्र तेच, बचत तीच, उत्तरं दोन. तारीख बदलली की हिशेब बदलतो.

एकाने लिहिलंय, "हे सगळे प्रमाणपत्राचे चोचले." अर्धं मान्य. लीड या अमेरिकी ग्रीन बिल्डिंग प्रमाणपत्रात ११० पैकी ८० गुण मिळाले की प्लॅटिनम, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा. त्यात सायकल ठेवायच्या जागेलाही गुण आहे. सायकलींशी माझं वैर नाही, पण गुण स्वस्तात कुठे मिळतात हे शोधणारी मंडळी मी बघितली आहेत. आणि लॉबीतली ती झाडांची उभी भिंत! पाणी, दिवे, माळी, सगळं चोवीस तास. दुसरीकडे दक्षिणेला नुसती काच. दुपारी बाराला जाऊन बघा, सगळे पडदे ओढलेले आणि पडद्यांमागे दिवे चालू. आधी उजेडासाठी काच लावली, मग काचेसाठी पडदे, मग पडद्यांमुळे दिवे.

अजून एक वाक्य सगळे फेकतात: ३-३०-३००. जेएलएल या कंपनीने रूढ केलेला ठोकताळा, ऑफिसच्या प्रत्येक चौरस फुटामागे वर्षाला वीजपाण्यावर ३ डॉलर, भाड्यावर ३० आणि माणसांच्या पगारावर ३००. म्हणून म्हणे खरा फायदा माणसांच्या कामात. २०१५ च्या हार्वर्डच्या प्रयोगात चांगल्या हवेत बसलेल्यांचे विचारशक्तीच्या चाचणीतले गुण ६१ टक्क्यांनी जास्त आले. ऐकायला भारी आहे, पण माणसं होती २४. मी हा फायदा मान्य करते, शीटमध्ये मात्र त्यासमोर शून्य लिहिते. शून्य लिहूनही हिशेब बसला, तर मालकाशी वाद घालावा लागत नाही.

शेवटची कमेंट: "आम्ही भाडेकरू. खर्च मालकाचा, बचत आमची. तो का करेल?" बरोबर पकडलंत. तो नाही करणार. बिल तुम्ही भरता, त्याला काचेचं काय पडलंय? उपाय भाडेकरारात आहे. तुमचा मीटर वेगळा हवा, मागच्या बारा महिन्यांची बिलं बघायला हवीत आणि मालकाने काच किंवा एसी सुधारला तर बचतीतला अमुक वाटा त्याला, असं कलम हवं. पण हे सगळं सहीच्या आधी मागा. मी माझ्या ऑफिससाठी सहीनंतर मागितलं होतं. मालकांनी चहा पाजला आणि हसून विषय बदलला.