रंगूनच्या नदीत गव्हर्नर

ही क्लिओपात्रा. ब्रिटिश आरमाराची क्रूझर, लांबी सुमारे १५६ मीटर. समुद्र सोडला की रंगूनपर्यंत तीस-पस्तीस किलोमीटर नदीतून यायचं. तळाला गाळ, मध्येच उथळ पट्टे. एवढं जहाज भरतीचं पाणी धरून वर चढतं. वेळ हुकली, तर पुढच्या भरतीची वाट बघत मुखाशीच नांगर टाकायचा. त्यातून युद्धात ब्रिटिश विमानांनीच या नदीत सुरुंग पेरले होते. मे १९४५मध्ये रंगून परत हाती आलं, तेव्हा आधी ते वेचावे लागले.

आज १६ ऑक्टोबर १९४५. जहाजावर आहेत ब्रह्मदेशाचे गव्हर्नर सर रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ. मार्च १९४२मध्ये जपानी फौजा येण्याआधी त्यांनी रंगून सोडलं. मेम्यो, मिचिना, तिथून विमानाने हिंदुस्थान. मग सिमल्यात कचेऱ्या थाटल्या, पुनर्रचनेचे आराखडे आखले. ब्रह्मदेशाचं सरकार होतं, ब्रह्मदेश तेवढा नव्हता.

जूनमध्येही ते या नदीपर्यंत आले होते. पण 'कंबरलँड' जहाजावरच बर्मी पुढाऱ्यांना भेटले आणि परत गेले. बर्मी स्वातंत्र्य चळवळीचे नेते आंग सान त्या पुढाऱ्यांत होते. शहर तेव्हा लष्करी प्रशासनाकडे होतं. गव्हर्नर किनाऱ्यावर उतरले असते, तर हुकूम कोणाचा चालायचा, त्यांचा की लष्कराचे सरसेनापती माउंटबॅटन यांचा?

ऑक्टोबरचा सोहळा हा प्रश्न मिटवण्यासाठी आहे. आजपासून मुलकी कारभार लष्कराकडून गव्हर्नरकडे. राजशिष्टाचाराप्रमाणे गव्हर्नरचा मान १७ तोफांचा. पण खरं वजन आहे ते १९३५च्या ब्रह्मदेश कायद्यातल्या कलम १३९चं. या कलमाखाली कायदेमंडळाचे आणि मंत्र्यांचे अधिकार एकट्या गव्हर्नरच्या हाती जातात. ब्रिटिश सरकारच्या मे महिन्याच्या श्वेतपत्रिकेने, म्हणजे धोरणपत्राने, ही सोय डिसेंबर १९४८पर्यंत चालू ठेवली आहे. एवढा थाटमाट या एका कलमासाठी.

आणि हा रत्नागिरीचा थिबा पॅलेस, ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाचा. टिळकांमुळे आपल्या ओळखीचं झालेलं मंडाले ही थिबा राजाची राजधानी. नोव्हेंबर १८८५मध्ये इंग्रजांनी त्याला तिथून बोटीवर चढवलं. मद्रासमार्गे १८८६मध्ये रत्नागिरीत आणलं. हा वाडा बांधून व्हायलाच विसाव्या शतकाचं दुसरं दशक उजाडलं. १९१६मध्ये राजा इथेच वारला. गव्हर्नरचा वनवास साडेतीन वर्षांचा, राजाचा एकतीस. राजाला परत न्यायला कोणतंही जहाज आलं नाही, हे रंगूनच्या गर्दीतल्या म्हाताऱ्यांना नक्कीच ठाऊक असणार.

पुढचं थोडक्यात. गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातल्या जागांवरून आंग सान यांच्या आघाडीशी बोलणी फिसकटली. जून १९४६मध्ये डॉर्मन-स्मिथ मायदेशी गेले. त्यांच्या जागी आले ह्यूबर्ट रान्स, म्हणजे ज्यांच्याकडून त्यांनी ऑक्टोबरमध्ये मुलकी कारभार घेतला होता तेच. सप्टेंबरात पोलिसांचा संप झाला. जुलै १९४७मध्ये आंग सान यांची हत्या झाली. ४ जानेवारी १९४८ रोजी, ज्योतिषांनी काढून दिलेल्या मुहूर्तावर, पहाटे ४ वाजून २० मिनिटांनी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. श्वेतपत्रिकेची मुदत अजून अकरा महिने बाकी होती.