शहर कुठं संपतं? संभाजीनगरच्या आकड्यांचा माग

(दृश्य: वाळूज एमआयडीसी. पाळी सुटली आहे, दुचाकींची रांग.)

बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर. वाळूजच्या या वस्त्यांत राहणारा कामगार गावी फोन केला की सांगतो, ‘संभाजीनगरला असतो.’ २०११च्या जनगणनेत शहराची म्हणून जी लोकसंख्या छापली आहे, तीत मात्र या वस्त्या नाहीत.

तो आकडा शोधायला गेलात, तर दोन सापडतात: ११,७५,११६ आणि ११,९३,१६७. दोन्ही सरकारी, दोन्ही एकाच जनगणनेतले आणि दोन्ही बरोबर. पहिला महापालिकेच्या हद्दीचा. दुसऱ्यात छावणी, म्हणजे लष्कराचा कॅन्टोन्मेंट भाग, मिळवली आहे. त्याला जनगणना ‘नागरी समूह’ म्हणते. तिसरी हद्द महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. ती वाळूजच्याही पुढं खेड्यापाड्यांपर्यंत जाते. म्हणून शहराचा आकडा कुणी सांगितला, की आधी विचारायचं: कोणत्या हद्दीचा? आणि कोणत्या सालचा?

हा काही हिशेबनिसांचा वाद नाही. जायकवाडीहून किती पाणी आणायचं, शहर बसच्या फेऱ्या कुठवर न्यायच्या, घाटीवर, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयावर, किती रुग्णांचा भार येणार, हे सगळं माणसांच्या संख्येवर ठरतं. ज्या वस्त्या त्या संख्येत धरल्याच नाहीत, त्यांना पाणीही लागतंच.

राज्यघटनेत, ७४व्या दुरुस्तीनंतर, ‘महानगर क्षेत्रा’ची व्याख्या आहे: दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्ती, दोन किंवा अधिक नगरपालिका, पंचायती वा लगतचे भाग मिळून झालेली, आणि राज्यपालांनी अधिसूचना काढून जाहीर केलेली. २०११मध्ये मराठवाड्यात दहा लाखांचा टप्पा ओलांडलेलं हे एकच शहर. नांदेड-वाघाळा महापालिका ५,५०,४३९वर होती.

(दृश्य: संगणकाचा पडदा, जनगणना पुस्तिकेचं पान.)

मग हे आकडे मिळतात कुठं? जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर प्रत्येक जिल्ह्याची जनगणना पुस्तिका आहे. तिचे दोन भाग. ‘अ’ भागात गावात आणि शहरात काय सोयी आहेत त्याची सूची. ‘ब’ भागात गाववार, प्रभागवार लोकसंख्या, साक्षरता, काम करणारे किती. वाळूज पट्ट्यातली गावं इथं एकेक करून सापडतात, आणि त्यांची बेरीज आपली आपल्याला करता येते. शोधताना जुनी नावं लिहा: औरंगाबाद, उस्मानाबाद. बीडचं स्पेलिंग त्या कागदांत ‘बी-आय-डी’ आहे. दोन ‘ई’ टाकून शोधलं तर हाती काही लागत नाही. औरंगाबाद जिल्ह्याचा त्या जनगणनेतला क्रमांक ५१५, जालन्याचा ५१४. क्रमांक हाताशी असला की नावाचा घोळ उरत नाही.

याशिवाय राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. त्याची कार्यालयं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि ती ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ काढतात. शाळा, दवाखाने, वाहनं, बँका, पाऊस असं सगळं त्यात एका ठिकाणी मिळतं. माझ्या मते जिल्ह्यावर काही लिहिणाऱ्यानं पहिल्यांदा हेच उघडावं.

मागं जायचं असेल, तर मराठवाड्याची वाट जरा वेगळी आहे. १९५१ची जनगणना झाली तेव्हा आपण हैदराबाद राज्यात होतो. तेव्हाचे आकडे हैदराबादच्या खंडांत आहेत, मुंबईच्या नाही. जिल्हेही तेव्हा पाचच होते. औरंगाबादेतून १९८१मध्ये जालना निघालं, उस्मानाबादेतून १९८२मध्ये लातूर, परभणीतून १९९९मध्ये हिंगोली. त्यामुळं १९८१ आणि १९९१चे जिल्ह्याचे आकडे सरळ शेजारी मांडले, तर माणसं गेली कुठं असं वाटेल. ती कुठं गेली नाहीत; जिल्ह्याची रेघ हलली. अशा वेळी तालुक्यांचे आकडे घेऊन जुना जिल्हा पुन्हा जुळवावा लागतो.

(दृश्य: सातारा-देवळाई, बीड बायपासवरून.)

शहरातही तेच झालंय. सातारा-देवळाई २०११मध्ये महापालिकेच्या बाहेर होतं; २०१५मध्ये ते आत आलं. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तो आकडा आला, की शहर किती वाढलं याच्या बातम्या येतील. तेव्हा ११,७५,११६मध्ये सातारा आणि देवळाईची २०११ची लोकसंख्या आधी मिळवा, आणि मगच वाढ काढा.