११४३ च्या शेजारची शिट्टी

हे आमचं घर, रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या बाजूला, खळ्यातून समुद्र दिसतो. पडवीत बाबांचा ट्रान्झिस्टर, मीडियम वेव्हवर ११४३ किलोहर्ट्झ म्हणजे रत्नागिरी आकाशवाणी. छपरावर सोलर बसवलं आणि दिवसा बातम्यांच्या मागे बारीक शिट्टी वाजायला लागली, सूर्य बुडाला की बंद. बाबांना वाटलं रेडिओच गेला.

रेडिओ ठणठणीत आहे. आवाज येतोय भिंतीवरच्या या इन्व्हर्टरमधून, म्हणजे पॅनेलची वीज घरातल्या विजेसारखी करणाऱ्या डब्यातून, आत एक स्विच सेकंदाला २० हजार वेळा चालू-बंद होतो, दरवेळी व्होल्टेज शून्यावरून ४०० वर जातं आणि परत शून्यावर येतं, आणि अशा चौकोनी लाटेत नुसतं २० किलोहर्ट्झ नसतं, त्याच्या पटीतलंही बरंच काही असतं. २० गुणिले ५७ करा, ११४०! स्टेशनपासून फक्त ३ किलोहर्ट्झ लांब, आणि तो ३ चा फरकच आपल्याला शिट्टी म्हणून ऐकू येतो.

हे मशीन बनायच्या आधी वहीवर कळू शकतं, मला याचंच जास्त अप्रूप वाटतं. त्या ५७व्या हार्मोनिकची, म्हणजे ५७ पटीच्या लाटेची, उंची साधारण साडेचार व्होल्ट उरते, आरएमएस हिशोबात ३.२. ते बाहेर पडतात कुठून? स्विच आणि हीटसिंक, म्हणजे त्याला थंड ठेवणारा धातूचा ठोकळा, यांच्या मधे इन्सुलेशनची पातळ पट्टी असते ना, तोच एक कॅपॅसिटर झाला, भराभर बदलणारा करंट त्यातून पलीकडे जातो, कोणी विकत आणून लावलेला नाही, सर्किटच्या ड्रॉइंगमध्येही नाही. तो १०० पिकोफॅरड धरला तर त्यातून अर्थिंगकडे दोन-सव्वादोन मिलिअँपिअर जातात, असा गोंगाट मोजायच्या टेस्टमध्ये २५ ओहमचा रोध धरतात, त्यावर ते ५७ मिलिव्होल्ट दिसतात. घरगुती उपकरणाला तिथे मर्यादा किती, तर ०.६३ मिलिव्होल्ट. फिल्टर नसेल तर जवळजवळ ९० पट जास्त!

म्हणून सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या सर्किटमध्ये, हे न दिसणारे कॅपॅसिटर आधी भरायचे, मग फिल्टरचा चोक, म्हणजे हा गोंगाट अडवणारी तारेची गुंडाळी, केवढा ते ठरवायचं. आणि आपल्याकडे अजून एक गोष्ट, सोलर पॅनेल आणि जमीन यांच्यातही असाच कॅपॅसिटर असतो आणि काच ओली झाली की तो वाढतो, कोरड्या लॅबमधला आकडा कोकणातल्या जुलैला कसा पुरणार, आपल्याकडे चार महिने पॅनेल भिजतच असतं.

आम्ही ओल्या पॅनेलचा आकडा धरून नवीन चोक गुंडाळलाय, काल बसवला. आत्ताच सर येऊन गेली, ऊन पडलंय, काचेवरून पाणी अजून ओघळतंय.

बाबा, लावा ११४३.