भाषेसाठी विद्यापीठ दुभंगलं : बेल्जियमच्या फ्लेमिश लोकांची गोष्ट

नमस्कार मंडळी! १४२५ साली स्थापन झालेलं एक विद्यापीठ. १९६८ मध्ये त्याची वाटणी ठरली आणि ग्रंथालयाचीही वेळ आली. पुस्तकं कशी वाटायची? कपाटातल्या क्रमांकावरून. सम क्रमांक एकीकडे, विषम दुसरीकडे.

हे घडलं बेल्जियममधल्या लूव्हेन शहरात. देशाच्या उत्तरेला फ्लँडर्स. तिथे डच बोलतात, तिलाच आपण फ्लेमिश म्हणतो. दक्षिणेला फ्रेंच बोलणारा वालोनिया, पूर्वेला जर्मन भाषकांचा छोटा पट्टा. ब्रसेल्स द्विभाषिक आहे, पण तिथे कानावर जास्त पडते ती फ्रेंच, आणि चहूबाजूंनी फ्लँडर्स.

१८३० मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा फ्लेमिश लोक संख्येने जास्त होते. तरी सरकार, सैन्य, उच्च शिक्षण, सगळं फ्रेंचमध्ये. फ्लेमिश शेतकऱ्यावर खटला चालायचा, तोही त्याला न समजणाऱ्या भाषेत. कायद्याच्या डच मजकुराला फ्रेंचच्या बरोबरीचा मान मिळाला १८९८ मध्ये. संपूर्ण डचमधून शिकवणारं विद्यापीठ मिळालं १९३० मध्ये, घेंटला. स्वातंत्र्यानंतर शंभर वर्षांनी! फ्लेमिश लोकांना हट्टी ठरवण्याआधी ही शंभर वर्षं नीट बघा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

त्यात जनगणनेची भीती. भाषेचे आकडे आले की ब्रसेल्सभोवतीच्या गावांचा दर्जा बदलायचा, आणि फ्लेमिश गावं एकेक करून फ्रेंचकडे झुकत होती. शेवटी भाषेची गणनाच बंद झाली आणि १९६२-६३ मध्ये भाषांची सीमा कायद्याने कायमची आखली गेली.

लूव्हेन या सीमेच्या फ्लेमिश बाजूला, पण विद्यापीठात फ्रेंच विभागही मोठा. आपलं शहरही ब्रसेल्ससारखं फ्रेंचकडे झुकणार, ही फ्लेमिश लोकांना धास्ती होती. विद्यापीठ कॅथलिक, त्यामुळे निर्णय बिशपांच्या हाती. १९६६ मध्ये त्यांनी जाहीर केलं की विद्यापीठ एकसंधच राहील, तेव्हा फ्लेमिश विद्यार्थी रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी १९६८ मध्ये याच प्रश्नावर पंतप्रधान वांडेन बोएनांत्स यांचं सरकार पडलं. फ्रेंच विभागासाठी वालोनियात शेतजमिनीवर नवं गाव वसवलं, लुव्हाँ-ला-नव. पुढच्या दहा वर्षांत देशातले तिन्ही मोठे पक्षसुद्धा भाषेवरून दुभंगले. १९९३ मध्ये बेल्जियम अधिकृतपणे संघराज्य झाला.

प्रश्न मिटला का? लिंकेबीक हे ब्रसेल्सला खेटून असलेलं गाव फ्लँडर्समध्ये येतं, पण तिथले बहुतेक लोक फ्रेंच बोलतात. अशा सहा गावांना फ्रेंचमधून कागदपत्रं मिळण्याची सवलत आहे. बेळगावात मराठीतून कागदपत्रं मिळावीत म्हणून चाललेला झगडा आपल्याला ठाऊक आहे, त्यामुळे हे लगेच उमगेल. १९९७ मध्ये फ्लेमिश सरकारने परिपत्रक काढलं : कागद डचमध्येच येईल, फ्रेंच हवा असेल तर दर वेळी नव्याने मागा.

इथे मात्र माझं मन त्या फ्रेंच रहिवाशांच्या बाजूने जातं. हक्क दिला, तर तो वापरणं इतकं अवघड का करायचं? २००६ च्या स्थानिक निवडणुकीत लिंकेबीकसह तीन गावांनी मतदारांना फ्रेंचमधून पत्रं पाठवली. म्हणून तिथल्या लोकांनी निवडलेल्या महापौरांना फ्लेमिश सरकारने नेमणूकच नाकारली, आणि त्यांना हंगामी म्हणून काम बघावं लागलं.