नऊ मिलिमीटरचा रूळ, अठरा मिलिमीटरची बाई

मिरजेतल्या या घराच्या वरच्या मजल्यावर नॅरो गेज, म्हणजे अरुंद रुळांची आगगाडी, अजून धावते, मॉडेल म्हणून.

बार्शी लाइट रेल्वे पंढरपूरहून मिरजेपर्यंत आली ती १९२७ साली. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ती लाइन आता ब्रॉडगेज झाली. इथं मात्र तिच्यावरचं एक छोटं स्टेशन उभं राहतंय, १:८७ या मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढं. हौशी मंडळी या मापाला ‘एचओ’ म्हणतात. ७६२ला ८७नं भागा, पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि बाजारात नऊचा रूळ मिळतो. हिशोब जवळजवळ चपखल बसतो. आपलं ब्रॉडगेज करायचं तर सव्वाएकोणीस मिलिमीटर लागतात, आणि एचओचा नेहमीचा रूळ असतो साडेसोळाचा, तिथं मेळ बसत नाही.

हा हिशोब आपल्याला समजावून सांगतायत त्या ताई चित्रकलेच्या शिक्षिका होत्या. रूळ, वायरिंग आणि इंजिनाची मोटार त्यांचे मिस्टर बघतात. बाकीचं सगळं ताईंचं. रुळाखालची खडी म्हणजे दोनदा चाळलेली वाळू. माळावरचं गवत म्हणजे रंगवलेला लाकडाचा भुसा. बाभळी तांब्याच्या तारा पिळून केल्यात, आणि स्टेशनची दगडी भिंत पुठ्ठ्याची आहे, एकेक चिरा ब्लेडनं कोरलेला.

आणि ही माणसं बघा. विकत मिळतात ती बहुतेक कोट-हॅटवाली. पंढरपूरच्या गाडीला त्यांची गर्दी कशी शोभणार? पाच फूट दोन इंच उंचीची बाई या मापात अठरा मिलिमीटरची होते. तिला पातळ कागदाचं नऊवारी नेसवायचं, काष्टा सुईच्या टोकानं बसवायचा, डोक्यावर तुळशीवृंदावन द्यायचं. एका बाईला एक अख्खी संध्याकाळ जाते. फलाटावर अशा बऱ्याच जणी उभ्या आहेत.

हे हात एकाएकी तयार झालेले नाहीत. दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरून हिरवळ उगवणं, गौरीपुढं अख्खं गाव मांडणं, त्यात विहीर, बैलगाडी, बाजार बसवणं हे आपल्याकडं घरोघरी चालतं. उंच-सखल जमीन, अंतर, रंगाचा फिकेपणा यांची जाण तिथंच येते. रेल्वेच्या मॉडेलमध्ये हेच सगळ्यात अवघड असतं.

पण हे मॉडेल प्रदर्शनात मांडलं तेव्हा फलक लागला तो एकट्या मिस्टरांच्या नावाचा. लोक प्रश्नही त्यांनाच विचारत होते, नऊवारीचासुद्धा. ते प्रत्येकाला ताईंकडं पाठवत राहिले.

या छंदात बाईचं नाव मागं राहणं आजचं नाही. जर्मनीतल्या गोपिंगेनला १८५९मध्ये थिओडोर मार्कलिननं बाहुलीघरातली पत्र्याची भांडी बनवायला सुरुवात केली. ती खेळणी गावोगाव फिरून विकायची त्याची पत्नी कॅरोलिन. १८६६मध्ये तो गेला. मुलांनी धंदा हाती घेईपर्यंत वीसेक वर्षं तो तिनं तगवला. १८९१मध्ये याच घराण्यानं लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांवरची आगगाडी मांडली आणि घरातल्या रेल्वेला शिस्त लागली. छंद म्हणून आज जे चालतं त्याचा पाया तिथं आहे, आणि त्या पायात कॅरोलिन आहे.

१९५७मध्ये खेळण्यातल्या आगगाड्या बनवणाऱ्या अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीनं मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिनाची गाडी काढली. ती खपली नाही. मला त्याचं जराही नवल वाटत नाही. आगगाडी आवडणाऱ्या मुलीला खऱ्यासारखी आगगाडी हवी असते, काळी, धुरकट.

खऱ्या गाडीचं तर शेजारीच उदाहरण आहे. सुरेखा यादव साताऱ्याच्या. इलेक्ट्रिकलची पदविका त्यांनी कराडला घेतली. आशियातली पहिली महिला रेल्वेचालक म्हणून त्या ओळखल्या जातात. ८ मार्च २०११ला त्यांनी डेक्कन क्वीन चालवली, २०२३मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. तरी खेळण्यांच्या दुकानात आगगाडीचं खोकं आजही मुलाच्या हातात दिलं जातं. हे बदलायला हवं, आणि त्याची सुरुवात दुकानातच व्हायला हवी.

ताईंकडं शनिवारी गल्लीतल्या मुली येतात. भिंती-झाडं तर शिकतातच, पण त्यांची मारामारी असते ती तारांना डाग देऊन जोडायच्या सोल्डरिंग गनवर.

पुढच्या प्रदर्शनाचा अर्ज भरून झालाय. नावासाठी त्यात एकच ओळ होती, म्हणून मिस्टरांनी सोबत वेगळा कागद जोडला: रूळ आणि वीजजोडणी कुणाची, जमीन, इमारती आणि माणसं कुणाची, झाडं कुठल्या कुठल्या मुलींनी केली. फलकावर सगळी नावं, एकाच आकाराच्या अक्षरात, असं त्यांनी खाली लिहिलंय.